हाताला काम

आमच्या टोकावड्याच्या घरात आजारी माणसाला भरवायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. ताट घ्यायचं, घास करायचा. नर्सिंगच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजने मला चार आठवडे इंग्लंडच्या एका हॉस्पिटलात शिकायला पाठवलं, तेव्हा वॉर्डातल्या पहिल्याच सकाळी मी तेच केलं. अर्धांगवायूचा झटका आलेले एक आजोबा चमचा उचलू पाहत होते, निम्मं सांडत होतं. मी चमचा घेतला आणि पाच मिनिटांत वाटी रिकामी केली. शाबासकी मिळेल असं वाटलं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. तो चमचा धरायला आजोबांना बारा दिवस लागले होते, असं तिने शांतपणे सांगितलं. माझ्या फॉर्मवर ‘रुग्णाला स्वतः करू देते’ अशी एक ओळ होती. त्या ओळीपुढे सिस्टरने सही केली नाही. ती सही शेवटपर्यंत मिळाली नसती, तर कॉलेजने ते चार आठवडे धरलेच नसते आणि आमच्या घरातली पहिली पदवी अडली असती.

दुसऱ्या दिवशी मी हात मागे बांधून उभी राहिले. पण डोळे चमच्यावरच. आजोबांनी दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली.

आमच्या घरी फोन नव्हता. रविवारी शेजाऱ्यांकडे फोन करून आईला बोलावून घेतलं. चौथी शिकलेली आई यात मला काय सांगणार, असंही मनात होतं. खोटं कशाला बोलू. सगळं ऐकून ती हसली.

“तुझा आजा बी तसाच व्हता गो. समोर बसलं का जेवायचा नाय. मंग मी बाजूला तांदूळ निवडाया बसायची. तू पन हाताला काम दे कायतरी.”

सोमवारी मी उशांचे धुतलेले अभ्रे घेऊन आजोबांच्या खाटेजवळ बसले, त्यांच्याकडे थोडी पाठ करून. ठसका लागला तर कळावं म्हणून कान तिकडेच. चमचा वाटीवर आपटला, पडला, परत उचलला गेला. एकाच अभ्र्याची मी तीनदा घडी केली. बऱ्याच वेळाने वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज आला.

“तुझ्या घड्या वाकड्या आहेत,” आजोबा त्यांच्या इंग्रजीत म्हणाले.

दारातून सिस्टर बघत होती. तिने खिशातून पेन काढलं. मी सगळ्या अभ्र्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायला घेतल्या.