छत्रीच्या मुठीतला घुम्या

चष्म्याच्या त्या दुकानात दोघे भाऊ. एक पुढे बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो. दुसरा मागच्या खोलीत फिरत्या चाकावर काचांच्या कडा घासतो. पुढचा तो दादा, मागचा तो धाकटा. धाकट्याचे अर्धे केस पिकले, त्याला स्वतःला चाळिशी लागली, तरी घरीदारी तो धाकटाच. लग्न राहून गेलं. दादा-वहिनींच्या घरातली मधली खोली त्याची, आणि मधली म्हणजे सगळ्यांचा जायचा-यायचा रस्ताही तीच.

दादा वाईट माणूस नव्हे हो. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून बाहेर तरी पडता आलं असतं. दादा रुसतो. मनाविरुद्ध काही झालं की चष्मा काढतो, सावकाश पुसतो, परत लावतो आणि म्हणतो, "माझं काही म्हणणं नाही." मग खुर्ची भिंतीकडे फिरवतो. समोरचा माफी मागत नाही तोवर खुर्ची तशीच. वेगळं काही करायचा विषय धाकट्याने दोन वेळा काढला होता आणि दोन्ही वेळा स्वतःच माफी मागून मिटवला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

सुटका काय ती रविवारी. त्याच्या एका पोस्टमन मित्राच्या घरी चौघे जमायचे आणि टेबलावर कथेचा खेळ मांडायचे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि वार लागला की चुकला ते फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारा अर्थात धाकटा. नियम एका मोठ्या कंपनीच्या जाडजूड पुस्तकातले, त्यातले राक्षस आणि शस्त्रंही कंपनीच्या मालकीची. पण खेळणारे पदरच्याही जादूच्या वस्तू रचतात. त्याला ते होमब्रू म्हणतात, म्हणजे घरी बनवलेलं. धाकट्याचा यात हातखंडा. खोटं बोललं की पोळणारा चमचा, हरवलेल्यालाच सापडणारा नकाशा, असलं काय काय त्याच्या डोक्यातून निघायचं.

त्यात सगळ्यांची लाडकी रुसकी छत्री. बाण अडवील, आग अडवील, पण एकदा रुसली की उघडायची नाही. मग पोस्टमनचा धिप्पाड योद्धा भर लढाईत गुडघे टेकून छत्रीपुढे "चुकलं माझं" म्हणायचा आणि बाकीचे हसून लोळायचे.

एका रविवारी पाहुणी म्हणून खेळायला आलेल्या बाई निघाल्या संपादिका. दुसऱ्या शहरात त्यांचं छोटं प्रकाशन होतं. त्या म्हणाल्या, "या वस्तूंचं पुस्तक करू. मुखपृष्ठावर छत्री. आणि पुस्तक निघालं की तुम्ही आमच्याकडेच या, खेळ रचायला माणूस हवाच आहे."

धाकट्याने घरी सांगितलं. चष्मा पुसला गेला, खुर्ची फिरली. या खेपेला मात्र पठ्ठ्याने माफी मागितली नाही. आठवडाभराने दादाच भिंतीकडे बघत म्हणाला, "पुस्तक निघालं तर जा बाबा. नाही निघालं तर हा विषय या घरात पुन्हा नको."

धाकट्याने बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली.

आणि इथेच माशी शिंकली. संपादिकाबाईंनी एक साधं हमीपत्र मागितलं: पुस्तकातलं सगळं तुमचं स्वतःचं आहे, किंवा ज्याचं आहे त्याचं लायसन्स तुमच्याकडे आहे. आता छत्री रुसायची ती तिच्या मुठीत एक प्राणी राहायचा म्हणून, आणि तो प्राणी होता कंपनीच्या पुस्तकातला. ग्रिमॉल त्याचं नाव. छत्री रचताना तयार मिळाला, उचलून मुठीत ठेवला. चूक म्हणाल तर एवढीच, पण ही मंडळी ती हमखास करतात. घरच्या टेबलावर चालतं ते जगात चालतं असं त्यांना वाटतं.

त्याने कंपनीला विचारलं. उत्तर मोठं गोड आलं. घरी खुशाल खेळा, आमच्या साइटवर फुकट ठेवा, विकायच्या पुस्तकात मात्र परवानगी नाही.

"आयत्या बिळावर नागोबा झालास ना," पोस्टमन म्हणाला. "स्वतःचा प्राणी घाल की लेका."

घातले. एक मांजर घातलं, एक म्हातारी चेटकीण घातली. टेबलावर कुणी हसेना. पोस्टमनने फासे खाली ठेवले. "ही छत्री रुसलेली वाटत नाही रे, बिघडलेली वाटते."

मग एकदा दुकानात एका फ्रेमवरून काहीतरी बिनसलं आणि दादाची खुर्ची फिरली. मागच्या खोलीतून धाकट्याला ती पाठ दिसत होती. त्याने चाक बंद केलं, कागद ओढला आणि एका बैठकीत प्राणी लिहून काढला. नाव ठेवलं घुम्या. हा घुम्या मुठीत बसून चष्मा पुसतो, "माझं काही म्हणणं नाही" म्हणतो आणि पाठ फिरवतो. रविवारी पोस्टमन हसता हसता खुर्चीवरून घसरला. संपादिकाबाईंनी कळवलं, "पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. हमीपत्र पाठवा, लगेच छपाईला देते."

त्या आनंदात त्याने तो कागद वहिनींना दाखवला. वहिनी ओट्याशी उभ्या राहून वाचू लागल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं.

"भावजी, हे शेंबडं पोरगंसुद्धा ओळखील."

"नाव कुठे घातलंय मी?"

"नाव कशाला लागतंय?" त्यांनी कागदाची घडी केली. "दुकानात येणारा जो तो हसेल. ते भांडणार नाहीत, तुम्हाला माहितीये ते काय करतील. तुम्ही जाल निघून. मला इथेच राहायचंय, त्या पाठीकडे बघत."

वहिनींनी धाकट्याला इतकी वर्षं जेवायला वाढलं होतं. त्याने घुम्याचा चष्मा काढून पाहिला, ते वाक्य काढून पाहिलं. घुम्या लगेच मेला, पहिल्या मांजरासारखा. दादालाच विचारावं म्हटलं, तर विचारायचं म्हणजे आधी दाखवायचं. कंपनीला निदान पत्र तरी लिहिता आलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली खोली त्याची.

शेवटी त्याने संपादिकाबाईंना कळवलं, छत्री वगळा. त्यांनी वाईट वाटून उत्तर दिलं, छत्रीशिवाय पुस्तक उभं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना दादाने विचारलं, "पुस्तकाचं काय झालं रे?"

"नाही निघत. छत्रीत दुसऱ्याचं काही होतं. परवानगी मिळाली नाही."

दादा चिडला, अगदी मनापासून चिडला. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कसली कोत्या मनाची माणसं रे ही! एवढंसं काही घेतलं तर काय त्यांचं झिजणार होतं? माझं घेतलं असतंस ना, तर मी एका शब्दाने अडवलं नसतं."

"माहितीये, दादा," धाकटा म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन त्याने चाक सुरू केलं.