कोलशेतात धूर न निघणारा दिवस

गोदू, जवळ बसली आहेस असं समजून लिहिते, आणि आधी रागावते. आई जाऊन दीड महिना झाला. बाराव्याला आलीस ती उंबऱ्यावरूनच खडवलीला परत गेलीस. म्हणालीस, त्या उपासापायी आईला आम्ही कधी दिसलोच नाही. असं बोलतात का गं? अक्षरं मी चाळिशीत गिरवली, चुका पोटात घाल, पण हे वाच.

तुझी आई, आमची शेजारची काशीवहिनी, वैशाख अमावास्येला सकाळी गावभर फिरायची. कुणाच्या कौलांतून धूर येतो का, ते बघायला. त्या दिवशी गावात चूल नाही, खाडीत होडी नाही, मिठागरावर माणूस नाही. ही रीत पटकीच्या वर्षीची. घराघरातून तिरडी उठत होती, तेव्हा पंचांनी ठरवलं, देवीसाठी एक दिवस सगळ्यांनी उपाशी राहायचं. आठवड्यात साथ ओसरली... उपास राहिला.

पुढे पोरं ठाण्याला कचेरीत लागली, मुंबईला गिरणीत लागली. आमच्या अमावास्येची सुटी त्यांना कोण देणार? आधी बाप्ये भाकरी बांधून नेऊ लागले, मग म्हाताऱ्यांसाठी पेज शिजू लागली. वहिनी दारोदार भांडायची. बायका पदराआड हसत, आली धुराची फौजदारीण.

पाच वर्षांमागे त्याच दिवशी माझी नात तापाने फणफणली आणि पेज मागू लागली. मी चूल पेटवली, तोच वहिनी दारात. वाटलं, आता गाव गोळा करणार. ती आत आली, पोरीच्या कपाळाला हात लावला, माझ्या हातातली पळी घेतली आणि स्वतःच ढवळायला बसली.

"पहिल्या उपासाला माझ्या विठूनं पेज मागितली होती," ती म्हणाली. "पंचांना भिऊन मी दिली नाही. संध्याकाळी गेला. उपासानं साथ गेली नसेल, तर माझं पोर उपाशी कशाला गेलं, सांग?"



पुढच्या वर्षी तिने फेरी घातली नाही, आणि गावाचा उपास मोडला. ती एकटी मात्र पाळत राहिली. भाऊ पटकीत गेला, एवढंच तुला ठाऊक. तू तेव्हा अंगावर पीत होतीस. त्या दिवशी घरात पोट भरलं ते तुझं एकटीचं. तुला ती हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ती पळी मी वेगळी ठेवली आहे. लवकर ये, आणि येताना जेवून येऊ नकोस. पेज मी टाकते, ढवळ तू.