आईंच्या गुडघ्यांचं लिफ्ट किट

माझा नवरा प्रीतम खोटं बोलत नाही. पण खरं बोलताना त्याचा चेहरा असा होतो की कुणालाही संशय यावा. त्या दिवशी जेवताना तो भाताचे डोंगर करत म्हणाला, "अनुपमा, गाडी तीन इंच उचलून घेतोय. लिफ्ट किट बसवायचं. आईसाठी."

"आईंसाठी?" मी म्हटलं. "आणि तुझे ते रविवारी चिखलात लोळायला जाणारे मित्र? त्यांनीही आपापल्या आयांसाठीच बसवलंय का रे?"

समोर आई माशाचे काटे काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हसल्या. मला दिसलं ना.

तर भानगड अशी. आमच्या गावच्या घरी जायला डांबरी रस्ता सोडला की अर्ध्या तासाची पाणंद आहे, आणि त्या पाणंदीच्या बरोबर मधे जांभ्याचा एक दगड डोकं वर काढून बसलाय. चार वर्षांपूर्वी आमच्या जुन्या छोट्या गाडीचं ऑइल चेंबर त्याच्यावर फुटलं. त्यानंतर आई गावी गेल्या नाहीत. चालत जावं तर गुडघे ऐकत नाहीत, गाडीने जावं तर दगड. आता सहा महिन्यांपूर्वी प्रीतमने ही फोर बाय फोर घेतली, पण तिलाही त्या दगडावर घालायची त्याची छाती होईना.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुगंधा. वय शहात्तर. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन भांडुपला आल्या. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा रडत बसल्या नाहीत, दुसऱ्याच आठवड्यात मालवणी मसाला करून विकायला लागल्या. मिरच्यांची पोती डंकावर न्यायची, कुटून आणायची आणि चाळीचे तीन जिने चढायचे, अशी पंचवीस वर्षं. गुडघे गेले ते तिथेच. चाळ पाडून टॉवर झाला, लिफ्ट आली, पण तोवर उशीर झाला होता. एवढं सगळं झालं तरी बाईचा तोरा असा, की गावात कुणाला गुडघ्यांचं कळता कामा नये. "सांगलंस तर बघ!" असा मलाच दम. म्हणून दरवर्षी गावाला आमचं एकच उत्तर जायचं, प्रीतमला रजा नाही. त्या बिचाऱ्याच्या कंपनीला अख्ख्या गावाने शिव्या घालून घेतल्या असतील.

आणि या आई फोनवर काय बोलायच्या? गावच्या घराची देखभाल करतात ते धाकूकाका, सासऱ्यांचे चुलतभाऊ. त्यांना दर आठवड्याला विचारायच्या, रतांब्याला फळ धरलंय का, पडवीची कौलं सरकलीत का, विहिरीला पाणी किती. एकदा तर मागच्या दाराची कडी अजून कुरकुरते का, तेही विचारलं. "मला यायचंय" हे मात्र कधी नाही. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

किटसाठी माप हवं म्हणून प्रीतमने धाकूकाकांना फोन केला. लिफ्ट किट म्हणजे काय ते समजावत बसायचा त्याला कंटाळा, म्हणून नुसतंच विचारलं, "काका, तो पाणंदीतला दगड उंच किती आहे हो?" काका गेले, बघून आले आणि म्हणाले, एक वीत नि चार बोटां. प्रीतमने ते लिहून घेतलं. मग पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा होऊन स्वतःची वीत लावली. खाली जागा बरोबर एक वीत. उरली चार बोटं, म्हणजे तीन इंच. झालं! चौदा व्हिडिओ बघून जे ठरत नव्हतं ते एका वितीने ठरलं.

जोगेश्वरीला शिवदासचं गॅरेज आहे. गाड्या उचलण्यात त्याचा हात धरणारा नाही, असं प्रीतमचे मित्र सांगतात. तो पट्ठ्या किटची ऑर्डर घेण्याआधी एक अट घालतो. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस घेऊन या. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं तिथे हजर. आई ठेवणीतली साडी नेसून.

"दगड गाडीच्या पोटाला लागतो का मागच्या चाकांमधल्या गोळ्याला?" शिवदासने पहिलाच प्रश्न टाकला. "गोळ्याला लागत असेल तर किटचा उपयोग नाय. किटने बॉडी वर जाते, गोळा जागच्या जागी."

"पोटाला, पोटाला," प्रीतम घाईने म्हणाला. त्याला काय माहीत होतं, डोंबल!

"मग ऐक. दोन इंचाला गाडी गाडीच राहते. तीन इंचाला वळणावर डुलायला लागते, ब्रेकचे पाइप लांब टाकावे लागतात. आणि नुसत्या स्पेसरच्या चकत्या घालून उंच करू नकोस हां, जुन्या स्प्रिंगवर खड्ड्यात मावशींची वाट लागेल. घ्यायचंच तर पूर्ण किट घे, नवे स्प्रिंग, नवे शॉकअप. आता किती इंच ते मावशी सांगतील."

म्हणजे काय, ते मग कळलं. त्याच्याकडे एक-एक इंच जाडीच्या लाकडी फळ्या होत्या. चारही चाकांखाली दोन-दोन फळ्या टाकून त्याने गाडी वर चढवली. "हे दोन इंच. बसा मावशी."

म्हणजे ही ट्रायल रूमच की! आईंनी पदर खोचला, हँडल धरलं, "आई गं" म्हणाल्या आणि चढल्या. उतरल्यावर आमच्याकडे असं बघितलं, जसं काही कड्यावर झेंडा लावून आल्या.

मग आणखी एक फळी. तीन इंच. आईंनी पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही खाली. मग म्हणाल्या, ह्या दारात काहीतरी खोट आहे, पलीकडून बघते. पलीकडच्या दाराने काय घोडं मारलं होतं? तिथेही तेच. मग पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकायचा प्रयत्न केला. मी खालून रेटतेय, प्रीतम वरून ओढतोय, आणि मधे आई म्हणतायत, "माका जमता, माका जमता, हात लावू नको!" शेजारच्या पानवाल्याने गिऱ्हाईक सोडून तमाशा बघितला. शेवटी मला एवढं हसू फुटलं की हातातला जोरच गेला, आणि आई हळूच परत जमिनीवर.

"मावशींचे दोनच इंच," शिवदासने निकाल दिला.

"पण दगडाला तीन लागतात," प्रीतम म्हणाला.

घ्या! जी गाडी घरापर्यंत पोचेल तिच्यात आईंना चढता येत नाही, आणि जिच्यात चढता येतं ती पोचणार नाही. आई हसेनात. स्टुलावर बसून गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, "रवांदे रे प्रीतम. नको." ही बाई आता परत कधी विषय काढणार नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात शिवदासने डोकं खाजवलं. "माप कशाने घेतलंय?"

"वितीने," प्रीतम म्हणाला.

"कुणाच्या?"

प्रीतम स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. धाकूकाकांचा पंजा म्हणजे फणस, म्हणजे दगड आणखीच उंच! मी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथे काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"काका, तो दगड जरा टेपने मोजाल का?"

"खयचो दगड?"

"अहो, पाणंदीतला!"

"तो खंय आता? फोडून टाकलंय. दोन दिवस लागले, चिवट होतो मेलो."

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. काका पुढे म्हणाले, "प्रीतमान उंची इचारल्यान, तेवाच माका कळला. वैनीक येवचा आसतला."

आईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "धाकू, चार वर्सां तो दगड थंय होतो. आताच तुका दिसलो?"

"वैनी, आमी चालणारी माणसां. आमका तो खंय आड येता? तू दरवर्सा सांगतंस, प्रीतमाक रजा नाय. तुका येवचा आसा, ह्या माका कोणी सांगूकच नाय."

फोन तोंडाजवळ धरून आई म्हणाल्या, "माझे गुडघे गेले रे, धाकू. चलाक होणा नाय. सांगूची लाज वाटली."

मग काका म्हणाले, "माझी कंबर गेली, दोन वर्सां झाली. मी तरी खंय सांगलंय?"

"मगे दगड कसो फोडलंस?"

"बसान बसान."

मी सरळ पाठ फिरवली आणि पदराने डोळे पुसले. पानवाला बघत होता, बघू दे. प्रीतम नाक ओढत उगाचच गाडीचे टायर तपासायला लागला.

"उद्या येतंय," आईंनी फोनवर सांगितलं. मग डोळे कोरडे करून शिवदासकडे वळल्या. "फळ्ये काढ बाबा. गाडी खाली घे."