बटणावरचा हात

कर्णेवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. भिंतीला टांगलेले कर्णे, फळीवर दोन जुने अ‍ॅम्प्लिफायर, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी आणि दारात हातगाडी. बसायला स्टूल एकच, ते गिऱ्हाइकाला. तो स्वतः बॅटरीच्या खोक्यावर बसे. बायको म्हणायची, सगळ्या शहराला आवाज पुरवतात आणि घरात दोन शब्द बोलायचे तर यांच्या जिवावर येतं. यावरही तो काही बोलत नसे, म्हणजे तिचं खरंच असावं.

मोर्चे आणि सभा हे त्याचं गिऱ्हाईक. तो कुणाच्या बाजूचा नव्हता. आपण बरं की आपलं काम बरं. तरी तीन गिऱ्हाइकं कायमची होती. एक, गटारात उतरून सफाई करणारे कामगार. दुसरे, आपली वस्ती पाडू नये म्हणून भांडणारे लोक. आणि तिसऱ्या, सरकारी इस्पितळातल्या रोजंदारीवरच्या आया. दुःख तिघांचंही मोठं, पण आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. आया म्हणत, वस्तीवाले फुकटे. वस्तीवाले गटारवाल्यांना ओट्यावर टेकू देत नसत. गटारवाले म्हणत, आयांना निदान डोक्यावर पंखा तरी आहे, त्यांनी कशाला रडावं? कर्णे मात्र तिघांनाही तेच लागत.

हे तिघं एकत्र आले ते एका दगडामुळे. वस्तीच्या मोर्चातून कुणीतरी तो भिरकावला. कुणी, हे आजवर कळलेलं नाही. तो एका पोलीस शिपायाच्या डोळ्यावर बसला. पुढे सुक्याबरोबर ओलंही जळालं. लाठ्या चालल्या, वस्तीचे पुढारी टेलरमास्तर यांचा पाय मोडला, आणि वर्षभराने येणार म्हणून सांगितलेली पाडकामाची यंत्रं त्याच आठवड्यात वस्तीत शिरली. निम्मी घरं गेली. दगड मारणाऱ्यांच्या घरांबद्दल हळहळायला कोण येतं?

शिपाई आणि मास्तर इस्पितळात एकाच मजल्यावर पडले होते. दोघांचं हवं-नको पाहणारी आयाही एकच. वयाने मोठी, म्हणून तिला सगळे मावशी म्हणत. मास्तर खाटेवरून शिपायाचा उद्धार करत होते, तेव्हा ती लादी पुसता पुसता म्हणाली, "मास्तर, तुमचंही भांडं मीच धुते आणि त्याचंही. सकाळपासून आईला हाका मारतोय तो. त्याची आई तुमच्याच वस्तीच्या मागं राहते. आता मला सांगा, डोळा कुणाचा गेला?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण कुबडी घेऊन चालता येऊ लागल्यावर त्यांनीच तिघांची बैठक बोलावली. जागा ठरली कर्णेवाल्याची खोली, कारण तिथे कुणी यजमान नव्हतं आणि कुणी पाहुणा नव्हता. भांडण भरपूर झालं. कुणाची मागणी आधी, कुणाचा झेंडा पुढे, एकाही गोष्टीवर एकमत होईना. झालं ते एवढ्यावरच, की हात उचलायचा नाही. माणसावर नाही आणि कुणाच्या घरावरही नाही. कारण आपल्यातल्या एकाने उचलला तर मार तिघांनाही पडतो, आणि ज्याच्यावर उचलतो तोही कुणाच्या तरी घरातलाच असतो.

पण शपथा घेऊन माणसं थोडीच ऐकतात! त्यावर मावशीने तोड काढली. ज्याचा मोर्चा, त्याने साखळी धरायची नाही. गर्दीभोवती हातात हात घालून उभं राहायचं ते दुसऱ्या दोघांच्या माणसांनी. ती म्हणाली, घरात मयत झाली की घरचं माणूस घरच्याला काय आवरणार, तेही त्याच्यासारखंच पेटलेलं असतं. आवरायला शेजारीच लागतो.

मग कुणीतरी विचारलं, आणि माईकचं काय? कर्णेवाला वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "बटण माझ्या हाताशी असतं. कुणी मारा-जाळा म्हणालं, की बंद." हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. सगळे हसले आणि ते ठरून गेलं. हा माणूस तिघांपैकी कुणाचा, असं कुणीच विचारलं नाही. चूक झाली ती तिथे.

व्यवस्था चालली. बाहेरगावहून आलेला एक वक्ता फारच तापला, तेव्हा कर्णेवाल्याने बटण खाली केलं. वक्ता चिडून म्हणाला, माईक बिघडला वाटतं. कर्णेवाला म्हणाला, "माईक ठीक आहे, तुम्ही बिघडलात." ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते.

त्याला एकुलती एक लेक. गटार कामगारांच्या सभांसाठी कर्णे न्यायला एक हसरा तरुण यायचा, त्याच्याशी तिचं जमलं. आईने आधी नाक मुरडलं. तो दोनदा आंघोळ करून मगच या घराची पायरी चढायचा, हे कळलं तेव्हा तीच रडली. लग्न झालं. जावई सासऱ्याची थट्टा करायचा, "मामा, दिवसभर कर्ण्याजवळ बसून तुम्हाला ऐकू यायचं बंद झालंय की बोलता यायचं?" कर्णेवाल्याला तो मनापासून आवडे. सासऱ्याचं हसणं ओठांच्या एका कोपऱ्यात असायचं, आणि ते जावयालाच नेमकं दिसायचं.

आणि एक दिवस कंत्राटदाराने तुंबलेली वाहिनी मोकळी करायला माणसं उतरवली. दोर नाही, तोंडाला मास्क नाही. आधी उतरलेला वर येईना, म्हणून जावई त्याला काढायला उतरला. दोघंही आतल्या वायूने गेले. कंत्राटदाराने सांगितलं, पिऊन उतरले असतील. जावयाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

सभा ठेवली ती कंत्राटदाराच्या कचेरीसमोर. खाली कचेरी, वर त्याचं राहतं घर. भोवती वस्तीवाल्यांची आणि आयांची साखळी. आणि कडेला हातगाडीशी, अ‍ॅम्प्लिफायरपुढे, कर्णेवाला. आज इथे बसू नका, असं त्याला कुणी म्हटलं नाही. त्याच्याही मनात आलं नाही. जावयाच्या सभेला दुसऱ्याचे कर्णे आणायचे?

आधी जावयाचा धाकटा भाऊ बोलायला उभा राहिला. त्याला रडू आवरेना, तेव्हा वहिनीने त्याच्या हातातून माईक घेतला. लेक चांगलं बोलत होती. नवरा सकाळी काय म्हणून बाहेर पडला ते तिने सांगितलं. मग वरच्या खिडकीतला पडदा हलला आणि तिने मान वर केली.

"तो वर आहे," ती म्हणाली. "त्याची बायको वर आहे, पोरं वर आहेत. माझा नवरा गुदमरून मेला. यांनाही कळू दे गुदमरणं काय असतं. बाहेरून कडी घाला आणि पेटवा."

गर्दी एकदम दाटली. कर्णेवाल्याचा हात बटणावर होता. तो क्षणभर थांबला. लेक आता पुढे काहीतरी वेगळं बोलेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "पेटवा." त्याने बटण खाली केलं.

तिचे ओठ हलत राहिले. मग आपला आवाज पोचत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने वळून बापाकडे पाहिलं.

पुढे बसलेल्यांनी ऐकलं होतंच. धाकटा दीर चार-सहा जणांना घेऊन जिन्याकडे धावला. जिन्याच्या तोंडाशी मावशी होती. त्याचा ठोसा तिच्या जबड्यावर बसला, दात पडला, पण तिने त्याला घातलेली मिठी सोडली नाही. तोंडातलं रक्त त्याच्या खांद्यावर सांडत ती म्हणत होती, "रड रे बाबा, मला धरून रड." जिना कुणीच चढलं नाही.

कंत्राटदार जामिनावर सुटला. काम त्याच्या मेव्हण्याच्या नावाने पुन्हा सुरू झालं. जाळलं असतं तर काय झालं असतं, हे कर्णेवाल्याला ठाऊक होतं. वर दोन लहान मुलं होती. न जाळून काय मिळालं, हे मात्र त्याला बायकोलाही सांगता येत नव्हतं.

लेक माहेरी येईनाशी झाली. तो तिच्या दारी गेला की ती आतल्या खोलीत जायची. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून दुकानात आली. स्टुलावर बसली. 

"बाबा, बंद केलंत ते बरोबरच केलंत," ती म्हणाली. "ती पोरं जळाली असती तर मी जगले नसते. पण तुम्हीच का? बटणावर कुणाचाही हात चालला असता. माझ्या पाठीवर दुसऱ्या कुणाचा चालणार होता?"

ती गेल्यावर तो तसाच उठला आणि मावशीकडे गेला. मास्तरही तिथेच होते. म्हणाला, मीही मयताच्या घरचाच आहे. त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा मावशीने पदराने डोळे पुसले. म्हणाली, तुमच्याकडे पाहून कुणाला वाटतच नाही हो, की तुमचंही कुणी मेलंय.

खटल्याच्या पहिल्या तारखेला कोर्टाबाहेर सभा झाली. हातगाडीशी या वेळी मास्तर बसले. त्यांना जमेना, माईक शिट्ट्या मारत होता. कर्णेवाला जमिनीवर, मयतांच्या घरच्यांत, लेकीशेजारी बसला होता. कंत्राटदार वकिलाबरोबर बाहेर आला. वकील काहीतरी म्हणाला आणि तो हसला. कदाचित त्या हसण्याचा खटल्याशी काही संबंधही नसेल.

आपण कधी उठलो, हे कर्णेवाल्याला कळलं नाही. तो कंत्राटदाराच्या मोटारगाडीकडे धावत होता आणि कुणीतरी ओरडत होतं, ओढा त्याला बाहेर, तुडवा. तो आवाज आपलाच आहे, हे त्याला उशिरा उमगलं. साखळीतली एक आया मध्ये आली. अनोळखी, लेकीच्याच वयाची. तिने त्याला कमरेला घट्ट धरलं. त्याने तिला शिव्या दिल्या, तिच्या मनगटावर नखं रोवली. माईकची शिट्टी थांबली. मास्तरांनी बटण खाली केलं होतं.

गाडी निघून गेली. मागून लेक आली आणि तिने बापाचा दंड धरला. तो अजूनही त्या आयेला शिव्या देत होता, पण शिव्यांचं आता रडणं झालं होतं. लेक म्हणाली, सोडा आता त्यांना, गेली गाडी. आयेने मान हलवली, पण सोडलं नाही. सोडलं असतं तर तो तिथेच कोसळला असता.