बाटली पुरी भर

नंदुरबार स्टेशनवरून सुरतची गाडी हलली, तशी आई खिडकीचा गज धरून चार पावलं सोबत चालली. "पहिले पोटभर खाय, मंग नोकरी कर," एवढंच म्हणाली. तापीकाठचं प्रकाशा सोडून मी साड्यांची डिझाइन काढायला निघाले होते.

सहा वर्षांनी, सुरतेतच, माझी लेक दोन महिने आधी जन्मली. ती काचेच्या पेटीत आणि मला दूध नाही. पंप लावून लावून बाटलीचा तळ ओला व्हायचा, तेवढंच. "बेन, टीपे टीपे आवशे," नर्स म्हणायची. थेंब थेंब येईल.

फोनवर हे ऐकताच आई शहाद्याच्या बाजारात गेली. तिथे सातपुड्यातून एक पावरा आदिवासी बाई औषधी मुळ्या विकायला येते. आईला तिची पावरी बोली येत नाही, त्या बाईला आमची अहिराणी जेमतेम. आईने आधी छातीवर हात ठेवला, मग दोन्ही तळवे जवळ आणून लेकरू केवढंसं आहे ते दाखवलं. त्या बाईने भर बाजारात पथारी गुंडाळली आणि डोंगराची वाट धरली. दुसऱ्या दिवशी ती ओली शतावरी घेऊन उभी होती, माती लागलेली.

त्या मुळ्या पिशवीत घालून आई आयुष्यात पहिल्यांदा एकटी सुरतेच्या गाडीत बसली.

डॉक्टरांना विचारलं. "घ्या, पण पंप सोडू नका," ते म्हणाले. आई मुळ्या सोलून दुधात उकळायची, पाठीवरून हात फिरवायची. "ई जाई बेटा, धीर धर."

पाचव्या दिवशी दूध आलं. शतावरीने, पंपाने की त्या हाताने, मला सांगता येत नाही. मी बाटलीत चढणारं दूध बघत राहिले. गावच्या शेतातून जो डोंगर निळ्या रेघेसारखा दिसायचा, तिथल्या एका अनोळखी बाईने माझ्यासाठी माती उकरली होती.

पुढे दूध लेकीला पुरून उरू लागलं. दवाखान्याच्या दूधपेढीतून दुसऱ्या एका बाळाला द्यायला नर्सने ते मागितलं. आई दृष्ट मानणारी, म्हणून मी भीतभीतच सांगितलं.

"कोनं पोर शे?"

"माहीत नाही, आई. त्याच्या आईला दूध नाही."

आईने पंपाची बाटली माझ्या हातात दिली. "त मंग बाटली पुरी भर."

गाव सोडून आलेल्यांनो, मीही वर्षानुवर्षं सुरतेला परकं शहर म्हणत आले. आता म्हणवत नाही. इथे कुठेतरी एक मूल वाढतंय. त्याचं नावही मला ठाऊक नाही.