पहिला बॉल न बघणारा माणूस

विन्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी साइटस्क्रीनला रंग देत होतो. बॅटिंग करणाऱ्याला बॉल नीट दिसावा म्हणून मैदानाच्या टोकाला जो मोठा पांढरा पडदा असतो ना, तो. मार्च संपत आला होता, उन्हाळ्यासाठी इथे घड्याळं तासभर पुढे करतात, ती नुकतीच केली होती. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या छोट्या क्रिकेट क्लबात हे काम दरवर्षी आम्ही दोघं करायचो. म्हणजे रंग मी द्यायचो आणि हा खुर्चीत बसून कुठे राहिलंय ते दाखवायचा. मंगलवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले हो..." मी ब्रश धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. फोनच्या पाठीला रंगाचा डाग पडला. पुसला तर जाईल, पण मी तो पुसलेला नाही.

विनायक माझा सांगलीचा शाळासोबती. आज सांगून कोणाला पटणार नाही, पण सोळाव्या वर्षी तो असा काही फास्ट टाकायचा की आमचा विकेटकीपर घरी गेल्यावर हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. मोठ्यांच्या टीमनं त्याला लगेच उचललं. कॅप्टन खूश, गाव खूश, आम्ही पोरं तर विचारूच नका! दिवस दिवस त्याच्याकडून बोलिंग करून घेतली. दिवाळीच्या सुमारास तो अंथरुणाला खिळला. कंबर गेली. पुन्हा कधी फास्ट टाकू शकला नाही. पुढे नोकरीच्या निमित्तानं दोघंही इथे आलो, रुळलो, म्हातारे झालो, पण खुर्चीतून उठताना त्याचा एक हात कमरेवर असायचा तो असायचाच.

क्लबात तो मुलांना बोलिंग शिकवायचा. कोणी तयार झालं की सेकंड टीममधून फर्स्टमध्ये पाठवायचं की नाही, हे तोच ठरवायचा. आणि त्या पोराचा किंवा पोरीचा फर्स्टमधला पहिला बॉल मात्र तो कधीच बघायचा नाही! मैदानाकडे पाठ करायचा, थर्मास उघडायचा, चहा ओतायचा आणि मला विचारायचा, "कुठे पडला?" मी काहीही सांगितलं तरी उत्तर एकच. "असू दे. अजून पाच आहेत." मी वैतागायचो. "अरे बाबा, डोळे दिलेत ना देवानं? बघ की स्वतः!" तर म्हणे, "बघितलं की मान हलते माझी. पोरांचं लक्ष असतं इकडे."

त्याची नात इरा, म्हणजे त्याच्या लेकीची, अश्विनीची मुलगी, त्याच्याच हाताखाली तयार झाली. गेल्या वर्षी सतरा वर्षांची होती. तिचा बॉल पडून उठायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा... सांगलीचंच मैदान आठवायचं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सेकंड टीममध्ये ती होतीच. सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांचा कोच घरी आला, वहिनींची दोन थालीपीठं खाल्ली आणि म्हणाला, हिला या वर्षी फर्स्टमध्ये घ्यायचं म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं? आईवडिलांनी विन्याकडे पाहिलं. विन्या म्हणाला, "नेक्स्ट इयर."

पण आमचं इथलं मराठी मंडळ! मंडळात बातमी शिजायच्या आधीच वाढली जाते. कोच येऊन गेला एवढं कळल्यावर पुढचं विचारतो कोण? पाडव्याच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी इराला थेट स्टेजवर बोलावलं आणि काउंटीच्या फर्स्ट टीममध्ये निवड झाल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन मोकळे झाले. टाळ्या, फोटो, सगळं. तेवढ्यात विन्या कमरेवर हात ठेवून उठला. सावकाश स्टेजवर गेला, शालीची घडी घातली आणि सेक्रेटरींच्या हातात परत दिली. माइकवर म्हणाला, "नारळ ठेवतो, चटणीला होईल. शाल पुढच्या वर्षी द्या." सगळा हॉल हसला. इरा हसली नाही.

कार पार्कमध्ये तिनं त्याला गाठलंच. "आजोबा, ही माझी लाइफ आहे. मी रेडी आहे!"

"तू आहेस गं. तुझी कंबर नाही. ती अजून वाढतेय."

"फिजिओनी ओके दिलंय."

"या सीझनपुरतं दिलंय. मला दहा वर्षांचं हवंय."

त्यानंतर पोरगी उन्हाळाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

आता जे लिहितोय ते त्या वेळी फक्त मला आणि वहिनींना माहीत होतं. विन्याला कॅन्सर होता. डॉक्टर म्हणाले होते, हा उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे 'पुढच्या वर्षी' म्हणताना तो काय सोडत होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी त्याच्या बागेत जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडलो. म्हटलं, "अरे, दोन मॅच खेळू दे तिला. तुला बघायला तरी मिळेल. का स्वतःचे हाल करतोस? मी सांगतो तिला सगळं." तो खुरपं खाली ठेवून म्हणाला, "सांग. मग ती माझ्यासाठी जोर लावेल. कंबर गेलीच समज." थोडं थांबून म्हणाला, "तू होतास ना रे त्या मैदानावर?" मी होतो.

इरा वर्षभर सेकंडमध्येच खेळली, तेही मोजक्या ओव्हर. थंडीत त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा तिला कळलं. पलंगाशी उभी राहून रडत म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हट्ट करून खेळले असते. तुमच्यासाठी."

"म्हणूनच," तो म्हणाला. मग तिनं त्याचा हात धरला तो व्हिजिटिंग संपेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांचा अंदाज चुकवून तो हिवाळाही काढून गेला आणि अगदी सीझनच्या तोंडावर गेला. मला त्याचा राग येतो. खरंच येतो. दोन मॅचनी काही आभाळ कोसळलं नसतं, असं मला अजून वाटतं. माणसानं स्वतःसाठी एवढंही मागू नये? पण मी हे म्हणू शकतो, कारण कंबर माझी गेली नव्हती.

गेल्या महिन्यात इरा काउंटीच्या फर्स्ट टीममधून पहिल्यांदा खेळली. अश्विनी आणि जावई पॅव्हेलियनमध्ये होते. मंगलवहिनी माझ्यासोबत बाउंड्रीपाशी बसल्या. संसार केला तेवढ्या वर्षांत त्यांनी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. "दिवसभर थंडीत बसायचं आणि काय झालं ते कळायचंही नाही," म्हणायच्या. त्या दिवशी आल्या, पिशवीत त्याचा थर्मास घेऊन.

इराच्या हातात नवा बॉल आला. तिनं रनअप मोजला, खूण केली, वळली. आणि मी मैदानाकडे पाठ फिरवली. ठरवून नाही... आपोआपच. थर्मास उघडला. चहा त्याला लागायचा तसाच होता, आलं ठेचून घातलेला आणि वाजवीपेक्षा गोड. ती धावत आल्याचं ऐकू आलं, मग लोकांचा एक लांब 'ऊऽऽ'.

"कुठे पडला?" मी विचारलं.

"अगंबाई, लांबच गेला की हो!" वहिनी म्हणाल्या. "त्या पांढऱ्या कोटवाल्यानं दोन्ही हात पसरलेत."

"वाइड आहे. असू दे, वहिनी. अजून सहा आहेत."

"हे तर नेहमी पाच म्हणायचे."

"वाइड गेला की तो बॉल परत टाकायला मिळतो."

वहिनींनी पदरानं डोळे टिपले.

"बरं आहे की मग," म्हणाल्या, आणि त्याच्या कपात स्वतःसाठी चहा ओतून घेतला.