रविवारचा अकराचा फोन

आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही घरचेच. पण आधी चहा संपवा, कारण ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आणि हो, शेजारच्या तिवारीजींना सांगायचं नाही. त्यांना अर्धं माहीत आहेच. उरलेलं अर्धं माहीत नाही म्हणून मी अजून या गल्लीत मान वर करून फिरून राहिलो.

मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, हे तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आमच्या सुमनला विचारा, ती म्हणेल, "दिवसातून चारदा सांगतात." पण खरंच सांगतो, एके काळी सिविल लाइंसच्या बंगल्यांतला फोन मुका झाला की साहेबलोक माझं नाव घेऊन बोलावणं धाडायचे. नुसता खांब पाहून मी सांगायचो, लाईन कुठे तुटली ते! बरं, नुसता खांब पाहून नाही कळत. पण जवळजवळ तसंच.

तर अशा माणसाच्या घरात रविवारी सकाळी पावणेअकराला काय व्हावं?

थांबा, आधी रेवाचं सांगतो. रेवा आमची एकुलती एक. लग्न होऊन मेलबर्नला गेली, साडेतीन वर्षं झाली. तिची ओवी तिकडेच झाली, आता दीड वर्षाची आहे. या दीड वर्षात मी तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. आमचं जायचं ठरलं की हिचा गुडघा आडवा येतो, गुडघा बरा झाला की रेवाची सुट्टी आडवी येते. मग उरतो तो रविवार. अकरा वाजता रेवा कॉम्प्युटरवर फोन लावते. आम्ही बटणं दाबायला गेलो की फोन कापला जायचा, म्हणून जावई एकदा कामानं इकडे आले तेव्हा असं काही लावून गेले की आम्ही फक्त समोर बसायचं, बाकी सगळं आपोआप.

मी बसतोही कसा! इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग, ताठ मान. आणि ओवी पडद्यावर आली की मी खणखणीत आवाजात, "ओवीऽऽ! आबा म्हण! आऽबा!"

पोरगी दचकते आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसते. दर रविवारी. न चुकता.

त्यात आमचे व्याही, पुण्याचे अप्पासाहेब, सहकुटुंब तिकडे मुक्कामाला. माणूस सज्जन, पण भाषेचा भारी कडक, आणि आमची मराठी पडली इकडची, हिंदीच्या शेजारातली. लग्नात मी म्हटलं, "मी पाहुण्यांची वाट पाहून राहिलो," तर लगेच, "अहो, 'पाहून राहिलो' नव्हे. 'पाहतो आहे' म्हणावं." ओवी त्यांना 'अप्पा' म्हणायला लागली, हे रेवानं मागच्या रविवारी सांगितलं. वर म्हणाली, "बाबा, या रविवारी तुम्हालाही हाक मारायला लावते तिला."

आठवडाभर मला झोप नाही. पोरगी हाक मारणार!

रविवारी मी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी आणली. रेवाला फार आवडते, म्हटलं निदान दाखवू. आणि बसण्याआधी लक्षात आलं की माझ्या मागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत. अप्पासाहेबांना ते दिसणार! म्हणून मी कॅमेऱ्यासकट मॉनिटर धरला आणि खिडकीकडे फिरवला. चांगला जोर लावून.

पडदा काळा. वर एक निळी चौकट तरंगून राहिली आणि त्यात दोन शब्द: 'नो सिग्नल'.

आता सांगा, ज्यानं जन्मभर सिग्नलचीच भाकरी खाल्ली, त्यानं हे वाचून काय समजावं?

"सुमन! इंटरनेटची लाईन गेली!"

ती मटार सोलत होती. म्हणाली, "गोहलपुरच्या शकीलभाईंना फोन करा. कॉम्प्युटरवाले आहेत, पाहतील."

"काहून? घरात मी बसून राहिलो ना! चौतीस वर्षं—"

"माहीत आहे, माहीत आहे. निदान मशीन एकदा बंद करून सुरू करा."

"फॉल्ट लाईनमध्ये आहे, मशीनला काहून हात लावायचा?"

इस्त्रीचा शर्ट खुंटीला टांगला, बनियनवर आलो आणि टेबलाखाली शिरलो. इंटरनेटच्या डब्याचे दिवे पाहिले. सगळे हिरवे! मी म्हटलं, हे दिवे खोटं बोलून राहिले. कदाचित बोर्डाचं भोक खराब असेल. म्हणून स्पीकरचा प्लग काढला आणि त्या जागी डब्याचा लावला. दिवे पुन्हा हिरवे. वर पुन्हा 'नो सिग्नल'.

अकरा वाजले.

तेवढ्यात बाहेर धाडधाड आवाज झाला. तिवारीजींकडे वरच्या मजल्याचं काम सुरू आहे. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला! बनियनवरच फाटकात गेलो.

"तिवारीजी! आपके मिस्त्री ने हमारी लाइन काट दी!"

"अरे भाईसाहब, मिस्त्री तो अंदर टाइल काट रहा है। लाइन कहाँ से काटेगा?"

"मैं टेलिफोन विभाग का आदमी हूँ, मुझे मत सिखाइए!"

"तो फिर आप ही देख लीजिए ना, विभाग के आदमी!"

बाप्पा! हे ऐकून गल्लीतले तीन जण हसले. मी तणतणत घरात आलो, तक्रारीच्या नंबरला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, मग वीस मिनिटं संगीत. शेवटी एक बाई बोलली.

"सर, बॉक्स में लाइट हरी है?"

"हरी है।"

"तो सर, इंटरनेट चालू है।"

"मैडम, मेरे सामने लिखा है, नो सिग्नल! आप वहाँ बैठे-बैठे मुझसे ज़्यादा जानती हैं?"

"सर, ये किस चीज़ पर लिखा आ रहा है?"

एवढा सरळ प्रश्न! देवानं त्या बाईच्या तोंडून वाट दाखवली होती. आणि मी काय केलं? "आपके सीनियर से बात कराइए," म्हणून ओरडलो. बाईनं पुन्हा संगीत लावून दिलं.

रागाच्या भरात एक जलेबी खाल्ली. मला साखर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मग दुसरी खाल्ली. स्पीकरचा काढलेला प्लग हातात घेऊन पुन्हा टेबलाखाली शिरलो, पुन्हा दिवे पाहिले, उठताना डोकं आपटलं, म्हणून तिसरी खाल्ली.

पावणेबारा झाले. आता तिकडे ओवीची बागेत जायची वेळ. संपला रविवार.

मी खुर्चीत त्या काळ्या पडद्यासमोर बसलो आणि काय झालं कोण जाणे, तोंड सुटलं.

"त्या अप्पासाहेबांचं बरं आहे! चार महिने झाले, पोरगी मांडीवर. सकाळी ओवी, संध्याकाळी ओवी. आणि तिला काय शिकवत असतील? 'अहो ओवी, दूदू नव्हे. दूध म्हणावं!'" नाकात बोलून त्यांची हुबेहूब नक्कल केली मी. "आणि मी काय मागून राहिलो? आठवड्याचा अर्धा तास! तोही नाही."

सुमन म्हणाली, "जाऊ द्या ना. पुढच्या रविवारी येईल फोन."

"पुढच्या रविवारी ती आठ दिवसांनी मोठी झालेली असेल, सुमन. तिला माझ्या हाताचा स्पर्श माहीत नाही. उद्या कोणी विचारलं, तर म्हणेल, आबा म्हणजे ते काचेत बसून ओरडतात ते. आणि रेवा... रेवाला जाऊन साडेतीन वर्षं झाली, मी अजून मटार किलोभर आणतो. आपण दोघं खातो किती? पण ती सोलता सोलता अर्धे कच्चेच खायची, म्हणून हात आखडत नाही माझा."

सुमन म्हणाली, "मला समजत नाही का? मी काही बोलली का कधी?"

तेवढ्यात सुमनचा मोबाईल वाजला. रेवा! हिनं स्पीकरवर टाकला. पलीकडे रेवा रडत होती, का हसत होती, कळेना.

"बाबा, इंटरनेट चालू आहे."

"नाही बेटा, सकाळपासून लाईन—"

"अकरा वाजल्यापासून चालू आहे, बाबा! कॅमेरा चालू, आवाज चालू. मशीन आपोआप फोन उचलते ना! फक्त तुमचा पडदा बंद आहे. मागची वायर ढिली झाली असेल, ती दाबा. आणि टेबलाखालून उठलात तेव्हा स्पीकरचा प्लग तुमच्याच हातात होता, मी पाहिलं."

मी बनियनकडे पाहिलं. मग जलेबीच्या ताटलीकडे पाहिलं.

"तीन खाल्ल्या," रेवा म्हणाली. "मोजल्या मी."

वायर दाबली, स्पीकर लावला. पडदा उजळला आणि समोर अख्खं मेलबर्न सोफ्यावर बसलेलं! रेवा, जावई, ओवी, विहीणबाई आणि मधोमध अप्पासाहेब.

"अगं, मग तू आधीच फोन काहून नाही केला?" सुमन ओरडली.

रेवानं नाक पुसलं. "मी दर रविवारी फोन लावते ना आई, त्यात तुम्ही दोघं बातम्या सांगायला बसल्यासारखे बसता. आज पहिल्यांदा घर दिसलं. तू मटार सोलताना, बाबा भांडताना. बाबा बाहेर गेले तेव्हा तू त्या काळ्या पडद्यावरून पदर फिरवत होतीस, माझ्या तोंडावरून फिरवल्यासारखा. मी बोलले असते तर ते सगळं बंद झालं असतं. म्हणून बसून राहिले पाहत."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. कारण अप्पासाहेबांनी घसा खाकरला होता.

"नानासाहेब," ते गंभीरपणे म्हणाले, "आम्हीसुद्धा सगळं ऐकून राहिलो होतो."

पुण्याचा माणूस! 'ऐकून राहिलो' म्हणाला! मी हात जोडले. तर ते म्हणाले, "नक्कल उत्तम होती. दुधाचं मात्र चुकलं. मीच हल्ली तिच्याशी दूदू बोलतो." आणि ओवीला त्यांनी मांडीवरून उचलून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभं केलं. म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आज हिनं 'आबा' अशी हाक मारली. चांगली दोनदा."

"काय सांगता! कधी?"

जावई छताकडे पाहायला लागले. शेवटी रेवा म्हणाली, "बाबा, तुम्ही टेबलाखाली होता तेव्हा. कॅमेऱ्यात फक्त... म्हणजे... मागचा भाग दिसत होता. तिनं बोट दाखवलं आणि म्हणाली, आबा!"

दीड वर्ष ज्या हाकेची वाट पाहिली ती मारली गेली आणि स्पीकरचा प्लग माझ्या हातात होता!

मी लगेच शर्ट चढवला, भांग नीट केला, समोर बसलो. "ओवी बेटा, आबा म्हण!" पोरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अप्पासाहेबांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"बाबा," रेवा हळूच म्हणाली, "जरा वळून वाका ना."

आता काय करता? चौतीस वर्षांची नोकरी, समोर व्याही आणि विहीण. मी वळलो. गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. आणि मागून, समुद्रापलीकडून, एवढासा आवाज आला.

"आबा!"

तसाच वाकलेला राहिलो बराच वेळ. डोळे पुसायला ती जागा चांगली होती, कोणाला दिसत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी हाच कार्यक्रम. तोंड दाखवलं की पोरगी लपते, पाठ दाखवली की खिदळते. आणि आता येत्या उन्हाळ्यात रेवा ओवीला घेऊन येऊन राहिली, तिकीटही काढलं. सुमनला एकच काळजी. काल म्हणाली, "अहो, आपल्या डुमन्याच्या विमानतळावर एवढे लोक असतील. तिनं तुम्हाला ओळखलं नाही तर?"

मी म्हटलं, "त्याची काळजी तू करू नको. ती दारातून बाहेर आली की मी वाकतो."